छोट्या धंद्याचं सोशल मीडिया मार्केटिंग: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी मानेवाड्याला घरूनच सावजी मसाला विकते. आधी आईच्या हाताचा मसाला सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, मग इन्स्टा सुरू केलं, मग ओळखीच्या दोन-चार दुकानदारांचे अकाउंट लावून दिले, आणि आता हालत अशी आहे की लग्नाच्या पंगतीतही लोक विचारतात, "ताई, आम्ही पण सुरू करून राहिलो, जरा सांगा ना." त्याच त्याच व्हॉइस नोट पाठवून कंटाळले, म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एका जागी लिहून ठेवले. सोपे आधी, किचकट मागे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असलं की नंबर दिलाय, तिकडे जा.

१. सुरुवात कुठून करू? फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सॲप सगळंच करावं लागते का?

नाही. सगळीकडे दुकान उघडायचं आणि सगळीकडे शटर अर्धं खाली, असं होते मग. पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी करा, व्हॉट्सॲप बिझनेस (प्रश्न २) आणि गूगल मॅपवर नोंद (प्रश्न ३). दोन्ही फुकट, आणि तिथे येणारा माणूस बहुतेक घ्यायलाच आलेला असतो, टाइमपासला नाही. दुसऱ्या महिन्यापासून इन्स्टा नाही तर फेसबुक, दोन्हीपैकी एक. ब्लाउज, केक, मेहंदी, कॅफे असेल तर इन्स्टा. बोअरवेल, कूलर दुरुस्ती, ट्रॅक्टरचे पार्ट, मंडप-बिछायत असेल तर फेसबुक, कारण पन्नाशीतले काका अजून तिथेच बसून आहेत. यूट्यूब चांगलं आहे पण लय वेळ खाते, ते नंतर.

२. साधं व्हॉट्सॲप आहेच की, बिझनेसवालं काहून घ्यायचं?

त्यात कॅटलॉग असतो, ५०० पर्यंत वस्तू फोटो आणि भावासकट लावता येतात, म्हणजे "काय काय आहे?" विचारणाऱ्या प्रत्येकाला वीस-वीस फोटो फॉरवर्ड करत बसावं लागत नाही. रात्रीसाठी आपोआप जाणारा मेसेज लावता येतो. नेहमीची उत्तरं सेव्ह करून ठेवता येतात, माझं "पत्ता" म्हणून एक आहे, दोन बोटांत घराचा पत्ता, समोरचा पाणीपुरीवाला आणि मॅपची लिंक सगळं जाते. आणि चॅटला लेबल लावता येते, पैसे आले, पार्सल बाकी, असं.

एक नंबर एका वेळी एकाच ॲपवर चालतो, साध्या किंवा बिझनेस. दोन सिम असतील तर दोन्ही ॲप एकाच फोनवर ठेवा, एक घरचं, एक धंद्याचं. खरंच करा हे. नाही तर मामेसासूबाईंच्या गुड मॉर्निंगखाली ऑर्डर दबते, माझी दबली होती, अर्ध्या किलोची.

ब्रॉडकास्टचंही (एकच मेसेज एकदम अनेकांना, ग्रुप न करता) इथेच सांगते. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच मेसेज पोचतो, म्हणून पहिल्याच ऑर्डरला "नंबर सेव्ह करून घ्या" म्हणायचं. न विचारता लोकांना ग्रुपमध्ये कोंबू नका. लोक रिपोर्ट मारतात, आणि रिपोर्ट जास्त झाले की नंबरच बंद पडू शकतो.

३. गूगल मॅपवर नाव कसं येते? माझं दुकान नाही, घरूनच आहे सगळं.

त्याला गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात, आधी गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. पैसे लागत नाहीत, त्यामुळे कोणी फोन करून "लिस्टिंग चार्ज पाच हजार" म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त "या या भागात सेवा देतो" असं टाकता येते. पण गिऱ्हाइकाशी कुठेतरी समोरासमोर गाठ पडली पाहिजे, तुम्ही द्यायला जाता किंवा ते न्यायला येतात. निव्वळ कुरिअरवर चालणारा धंदा त्यात बसत नाही.

खात्री करायला बरेचदा व्हिडिओ मागतात, रस्ता, पाटी, आतलं सामान, सगळं एका दमात. पाटी नाही म्हणून अडलेले मी पाहिलेत, साधी फ्लेक्सची छोटी पाटी करून घ्या. आणि वेळा नीट भरा, सुट्टी असेल तर सुट्टी टाका. इतवारीत गाडी लावायला अर्धा तास जागा शोधून आलेल्या माणसाला शटर बंद दिसलं की तो परत येत नाही, वर जाता जाता एक स्टार देऊन जातो.

४. फेसबुकवर माझे चार हजार फ्रेंड आहेत, पेज वेगळं कशाला?

कारण पाच हजाराला गाडी थांबते. शिवाय पर्सनल प्रोफाइल धंद्यासाठी वापरणं फेसबुकच्या नियमात बसत नाही, साध्या प्रोफाइलवरून जाहिरात करता येत नाही, कोणाला सांभाळायला द्यायचं तर स्वतःचा पासवर्डच द्यावा लागतो (त्याचं काय होते ते प्रश्न १६ मध्ये). पेज बनवा आणि जवळच्यांना आमंत्रण पाठवा. चार हजारांतले दोनशे आले तरी खूप झालं.

५. इन्स्टावर नाव काय ठेवू? आणि बिझनेस अकाउंटने रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोचते ते) कमी होतो म्हणतात.

युजरनेम छोटं, फोनवर सांगता येईल असं ठेवा. मधे तीन अंडरस्कोर आणि शेवटी ०७ असलं की कोणी शोधत नाही. त्याच्या खाली जे "नाव" असते तेही सर्चमध्ये येते, तिथे नुसतं दुकानाचं नाव न टाकता काय आणि कुठे ते टाका, "सावजी मसाला नागपूर" असं. बायोमध्ये "विथ लव्ह" वगैरे सोडा आणि भाग, वेळ, व्हॉट्सॲपची लिंक लिहा. रीचचं म्हणाल तर त्याची भीती नको, प्रोफेशनल अकाउंट (बिझनेस किंवा क्रिएटर) फुकट आहे, आणि कोणती पोस्ट किती जणांनी पाहिली, किती जणांनी सेव्ह केली हे त्यातच दिसते. एक फरक मात्र खरा आहे, गाण्यांचा. तो प्रश्न १२ मध्ये.

६. कॅमेरा चांगला नाही, फोटो कसे काढू?

कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो, उजेडाचा असतो. माझे पहिले फोटो ट्यूबलाइटखाली काढले होते, लालभडक मसाला त्यात वीटभट्टीच्या मातीसारखा दिसायचा. आईच म्हणाली, गच्चीवर ने. सकाळी आठला परात गच्चीवर नेली, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली, ऊन थेट नाही पण उजेड भरपूर, आणि लेन्स ओढणीने पुसली. तोच फोन, तोच मसाला, पण त्या फोटोवर पहिल्यांदा कोणी अनोळखी बाईने भाव विचारला. लेन्स पुसणं विसरू नका, हाताचं तेल लागलेलं असते.

दुसरं म्हणजे पाकीट नाही, वापर दाखवा. पाकीट सगळ्यांचं सारखंच दिसते. रस्सा उकळताना तर्री वर येते तो क्षण आठ सेकंद घेतला, ना गाणं ना काही, फक्त रटरट आवाज. माझं सगळ्यात जास्त चाललेलं रील तेच आहे. टेलरचं काम असेल तर काखेतली फिटिंग दाखवा, कूलरवाले असाल तर जुन्या ताट्या काढून नव्या वाळ्याच्या ताट्या बसवताना पहिलं पाणी टाकता ते दाखवा, नागपूरच्या माणसाला तो वास फोनमधूनही येतो.

व्हिडिओ उभा काढा. इन्स्टाचं ग्रिड (प्रोफाइलवरची फोटोंची जाळी) २०२५ पासून चौकोनाऐवजी उभं झालंय, कडा कापल्या जातात, म्हणून अक्षरं मधोमध ठेवा. आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवर जाऊ नका, फोन तापून "थंड होऊ द्या" म्हणतो आणि बंद पडतो, तुम्ही पण पडाल.

७. रोज काय टाकू? चार दिवसांत विषय संपतात.

विषय तुमच्या चॅटमध्येच आहेत. गिऱ्हाईक जे विचारते ते पोस्ट करा. "तिखट किती आहे?", "किती दिवस टिकते?", "मटणाला चालते की फक्त भाजीला?" या तीन प्रश्नांवर माझे तीन महिने निघाले.

सणांच्या शुभेच्छांचं पोस्टर, लोगो खाली आणि फोन नंबर कोपऱ्यात, ते मी सांगूनही लोक टाकतातच. टाका, पण त्याने ऑर्डर येत नाही. सण वापरायचा तर आपला वापरा. तान्ह्या पोळ्याला महाल-इतवारीत मारबत (वाईट ते सगळं घेऊन जाणारा पुतळा) निघते, सगळं शहर "घेऊन जा गे मारबत" ओरडते. एका ओळखीच्या कपडेवाल्याने उरलेल्या मालाच्या गठ्ठ्यासमोर उभं राहून तेवढंच म्हटलं, "जुना स्टॉक घेऊन जा गे मारबत", आणि खाली भाव लिहिले. तसंच विधिमंडळाचं डिसेंबरचं अधिवेशन, बाहेरगावचे लोक शहरात असतात, खाण्याचं किंवा संत्रा बर्फीसारखं नेण्यासारखं काही विकत असाल तर तेव्हा "सिव्हिल लाइन्समध्ये पोचवून देऊ" एवढी एक ओळ पुरते.

८. मराठीत लिहू की हिंदीत? इंग्लिश पाहिजेच ना?

दुकानात जसं बोलता तसं. आपल्याकडे मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपते, त्यात लाजायचं काही नाही. मी कॅप्शन मराठीत लिहिते आणि भाव, पत्ता, वेळ एवढं हिंदीतही टाकते. कमेंट ज्या भाषेत आली त्या भाषेत उत्तर. कॉम्प्युटरकडून लिहून घेतलेलं इंग्लिश कॅप्शन, "स्वादाच्या अद्भुत प्रवासाला चला" छाप, ते लगेच ओळखू येते.

९. किती वाजता पोस्ट टाकायची? रोज टाकली नाही तर चालते का?

आठवड्याला तीन, पण सहा महिने. आठवड्याला सात टाकून दुसऱ्या महिन्यात गायब होण्यापेक्षा हे बरं. वेळ कोणाला विचारू नका, इन्साइट्समध्ये (अकाउंटच्या आकडेवारीत) तुमचेच फॉलोअर्स कधी जागे असतात ते दिसते.

१०. "प्राइस इन डीएम" (भाव खासगी मेसेजमध्ये विचारा) लिहायचं का? भाव उघड टाकला तर बाजूचा पाच रुपये कमी करतो.

यावरून माझं लोकांशी भांडण होते. भाव टाका. बाजूच्याला तुमचा भाव आधीच माहीत आहे, तो पोऱ्याला पाठवून विचारून घेतो. माहीत नसते ते फक्त गिऱ्हाइकाला, आणि ते लाजते किंवा आळस करते आणि पुढे सरकते. भाव माणसापरत्वे बदलत असेल, शिवणकाम, मंडप, केटरिंग, तर "इतक्यापासून सुरू" लिहा.

आणि मेसेज आला की उत्तर द्या. एवढंच तर आहे सगळं! कोणी सीताबर्डीला तुमच्या काउंटरसमोर उभं राहून "हे कितीला?" म्हणालं तर तुम्ही संध्याकाळी उत्तर देता का? फोन पण काउंटरच आहे. मी पाहिलेल्या दुकानांत ज्यांचं चालते त्यांचे रील काही भारी नाहीत, एकाचे तर अर्धे हललेले आहेत, पण त्याच्याकडे दहा मिनिटांत भाव, फोटो आणि "आज नऊपर्यंत उघडं आहे" असं उत्तर जाते. दिवसभर जमत नसेल तर दोन वेळा ठरवा, दुपारी दोन आणि रात्री नऊ, आणि आपोआप जाणाऱ्या मेसेजमध्ये त्या वेळा लिहून टाका, मग माणूस थांबतो.

११. पैसे देऊन फॉलोअर्स घेतले तर? आणि जाहिरातीला किती लावू?

विकतचे फॉलोअर्स नको. ते कधी काही घेत नाहीत, आणि तुमची पोस्ट त्यांना दाखवली की कोणी हात लावत नाही, मग इन्स्टाला वाटते पोस्टच वाईट आहे.

जाहिरातीत मी स्वतः तोंडावर पडलेय. पहिल्यांदा बूस्टचं (पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) बटण दाबलं, एरिया "भारत" तसाच राहिला, दोन हजार गेले, अकराशे लाइक आले, ऑर्डर शून्य. एकाने गुवाहाटीहून नुसतं "हाय" लिहिलं. तेव्हापासून नकाशावर पिन टाकून पाच-सात किलोमीटरचा गोल घेते आणि जाहिरातीचा उद्देश "मेसेज" ठेवते, लाइक नाही. लोक थेट व्हॉट्सॲपवर येतात. बूस्ट फक्त अशा पोस्टला करायचं जी फुकटातच बरी चालली.

हिशोब असा करा. रोज १५० रुपये, ५ दिवस, झाले ७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १३५, एकूण ८८५. पाच ऑर्डर आल्या तर एका ऑर्डरमागे १७७ रुपये पडले. पाव किलोच्या पाकिटावर मला तेवढे सुटतच नाहीत, म्हणजे पहिल्या ऑर्डरला मी तोट्यात. त्यातले दोघं दर महिन्याला घेणारे निघाले तर मग जमलं. ब्रायडल मेकअपवालीला मात्र एका बुकिंगमागे १७७ म्हणजे काहीच नाही. म्हणून "किती लावू" याचं एक उत्तर नाही, एका गिऱ्हाइकावर तुम्हाला काय सुटते ते आधी कागदावर लिहा.

१२. ट्रेंडिंग गाणं लावायला गेले तर दिसतच नाही, बाकीच्यांना तर दिसते!

ते बिझनेस अकाउंटमुळे. सिनेमाच्या गाण्यांची परवानगी घरगुती वापरासाठी असते, धंद्यासाठी नाही, म्हणून बिझनेस अकाउंटला लायब्ररी छोटी दिसते. क्रिएटर अकाउंट केलं की गाणी परत दिसतात हे खरं, पण माल विकायला ती वापरणं तरी चालत नाही, आवाज बंद होऊ शकतो, रीलही उडू शकते. मेटाचं (फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीचं) साउंड कलेक्शन वापरा, नाही तर स्वतः बोला. किंवा तर्रीचा आवाज, प्रश्न ६.

१३. एक फूड ब्लॉगर फुकट जेवण मागून राहिला, द्यावं का? जाहिरात आहे असं लिहावं लागते का?

आधी त्याच्या कमेंट वाचा. नागपूरचे खरे लोक "कुठे आहे हे?" विचारून राहिले का, की नुसत्या आगीच्या इमोजी आहेत? खरे असतील तर एक थाळी द्यायला हरकत नाही. लिहिण्याचं म्हणाल तर हो, लागते. जाहिरातवाल्यांच्या परिषदेचे, म्हणजे ॲस्कीचे नियम २०२१ पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचना जानेवारी २०२३ च्या. पैसे दिले नाहीत, फक्त जेवण दिलं, तरी ते मोबदल्यातच धरतात. भुलवणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. म्हणून "शुगर बरी करणारं पीठ" असलं काही त्याच्या तोंडी देऊ नका, आणि स्वतःही लिहू नका.

१४. एकाने खोटा एक-स्टार रिव्ह्यू दिला, काढता येते का?

नियम मोडत असेल, शिवीगाळ, दुसऱ्याच दुकानाचा, तर रिपोर्ट करा, कधी निघते कधी नाही. तोवर खाली शांतपणे उत्तर लिहा, "या तारखेला आपली ऑर्डर सापडली नाही, नंबर पाठवा, पाहून सांगते." हे त्याच्यासाठी नसतेच, पुढे वाचणाऱ्यासाठी असते. रिव्ह्यूच्या बदल्यात दहा टक्के सूट मात्र देऊ नका, गूगलला चालत नाही.

१५. मोठी ऑर्डर आली, "फौजी आहे, कामठी कॅन्टोन्मेंटमधून बोलतोय" म्हणतो, ॲडव्हान्स पाठवायला क्यूआर स्कॅन करा म्हणतो.

करू नका! पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. हे लोक फौजी नसतातच, ओळखपत्राचा फोटो पाठवतात तोही दुसऱ्याचाच. खूण अशी की ते भाव करत नाहीत. नागपुरात पन्नास किलो मसाला घेणारा भाव करत नाही, असं होते का? पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन.

दुसरा प्रकार म्हणजे मेसेज किंवा ईमेल येतो, "तुमच्या पेजने कॉपीराइट मोडला, २४ तासांत इथे क्लिक करा." इन्स्टाने तुम्हाला कोणते ईमेल पाठवले ते सेटिंगमध्ये पाहता येते. तिथे तो ईमेल नसेल तर खोटा. आणि टू-फॅक्टर (पासवर्डसोबत कोडही मागणारं लॉगिन) आजच चालू करा, हे वाचून झालं की लगेच.

१६. भाच्याने पेज बनवून दिलं होतं, तो आता पुण्याला गेला आणि पासवर्ड पण त्याच्याकडेच. काय करू?

भाचा असेल तर फोन करा आणि रागावू नका, आधी ॲडमिन करून घ्या, मग रागवा. एका ओळखीच्या बुटीकवालीचं पेज ज्यांना सांभाळायला दिलं होतं त्यांच्याच नावावर निघालं, पैशावरून वाजलं आणि नऊ हजार फॉलोअर्स गेले. म्हणून पेज, जाहिरातीचं खातं, गूगल प्रोफाइल, सगळं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नंबरवर बनवायचं, दुसऱ्याला फक्त वापरायची परवानगी द्यायची, पूर्ण कंट्रोल नाही. जो पोट्टा काम सोडून गेला त्याचा ॲक्सेस त्याच दिवशी काढायचा.

१७. घरचे पदार्थ विकते, लायसन लागते का? आणि इन्स्टावरून पांढुर्ण्याची ऑर्डर आली तर पाठवू?

पहिल्याचं उत्तर हो. घरून असलं, छोटं असलं तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेची) नोंदणी लागते, १४ अंकी नंबर मिळतो, तो पाकिटावर टाका. बायोमध्येही टाकला तर लोकांचा विश्वास बसतो.

दुसरं किचकट आहे. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नंबर लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असते. पण टॅक्स लागणारा माल दुसऱ्या राज्यात पाठवला की ही सूट नाही, एक पाकीट असलं तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद आहेत, मसाला त्यात नाही. आता सावनेरच्या पुढे गेलं की मध्य प्रदेश. पांढुर्णा, सौंसरचे लोक आपल्यासारखंच मराठी बोलतात, बाजाराला नागपूरला येतात, माझं रील त्यांना दिसणारच, पण जीएसटीच्या हिशोबाने ते परराज्य. अशा ऑर्डर महिन्याला दोन-चार येऊन राहिल्या असतील तर सीएला विचारून नंबर घेऊन टाका. मला अजून परवडत नाही, म्हणून जाहिरातीचा गोल मी सीमेच्या अलीकडेच ठेवते (प्रश्न ११), आणि पांढुर्ण्याच्या एक ताई फारच मागे लागल्या तेव्हा त्यांना म्हटलं, बर्डीवर खरेदीला याल तेव्हा घरी या, मसाला घ्या, चहा पिऊन जा.